स्टँड काढलेली स्कूटर

मालोजी मुंगसेला गाडी चालवता येत नाही. स्कूटर नाही, मोटरसायकल नाही, सायकलसुद्धा नाही. जन्मभर बसनं फिरला, अजूनही फिरतो. आणि तरी निगडी, आकुर्डी, चिंचवड या टापूत एक काळ असा होता, की स्कूटरवर बसायचं असेल तर माणूस आधी मालोजीकडे यायचा. माझ्या शेजारच्या गाळ्यात त्याचा फोटो स्टुडिओ. मी शिंपी. त्याच्या गिऱ्हाइकांना अंगात घालायला कोट मी द्यायचो, त्यामुळे या माणसाविषयी बोलायचा थोडा हक्क मला आहे असं मी धरून चालतो. नसला तरी बोलणार आहे.

गेल्या साली त्याची बायको गेली. गोजावहिनी. वर्षश्राद्ध जवळ आलं तशी मालोजीनं स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर एक खिळा ठोकला. त्यावर वहिनींचा फोटो लागायचा होता, पण फोटोच नव्हता. हजारो लोकांचे फोटो काढलेल्या माणसाकडे स्वतःच्या बायकोचा फोटो नाही! मला पहिल्यांदा हसू आलं आणि मग त्याचं तोंड बघून ते जिरलं.

अगदीच नव्हता असं नाही. आधार कार्डावरचा होता, पण तो आपण कुणीच भिंतीवर लावत नाही. मुलाच्या, म्हणजे रविराजच्या मोबाइलमध्ये होते, पण ते सगळे शेवटच्या दोन वर्षांतले, डायलिसिस चालू असतानाचे, तोंड सुजलेलं. रविराज हुशार. त्यानं त्यातला एक कॉम्प्युटरवर घेतला, सूज उतरवली, सुरकुत्या पुसल्या, पैठणी नेसवली, मागे निळं आभाळ टाकलं आणि मोठी फ्रेम करून आणली. मालोजीनं फ्रेम हातात धरून बराच वेळ बघितली.

"बाई चांगली हाय," तो म्हणाला. "कोन हाय?"

रविराज चिडून निघून गेला. मी मालोजीला झापलं. पोरानं एवढं मनापासून केलं होतं, दोन गोड शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? तर म्हणतो, "विलासराव, मला गोजी पायजे. तवाची. ह्या गाळ्यातली. ही कुनाची बाई आणून मी खिळ्याला लावू?" आणि डोळे पुसायला कॅमेऱ्यावरचं फडकं घेतलं त्यानं.

जुने फोटो का नव्हते, ते मला ठाऊक आहे, कारण मी रोज ऐकत होतो. वहिनी अधूनमधून म्हणायच्या, "अवो, आज माझाबी एक काढा की." आणि हा म्हणायचा, "गिऱ्हाईक जाऊ दे, मग काढू." गिऱ्हाईक गेलं की दुसरं यायचं. मग अंधार पडायचा, मग स्वयंपाक. असं करत करत सगळं आयुष्य गेलं. निगेटिव्हा होत्या पोटमाळ्यावर, पण पत्रा गळून त्या एकमेकींना चिकटल्या आणि त्यांची एक काळी ढेप झाली.

हा मालोजी मूळचा चाकणकडचा. गावाची जमीन आता कंपन्यांच्या कुंपणात आहे, पण तेव्हा शेती होती, बैल होते आणि याच्या हातात चित्रकला होती. दुकानांच्या पाट्या रंगवून यानं एक जुना कॅमेरा मिळवला आणि जत्रेत तंबू टाकला. फोटोच्या मागे लावायला पहिला पडदा रंगवला तो बैलगाडीचा. पांढरी खिलार जोडी, शिंगांना गोंडे, अंगावर झूल. लोक तंबूत यायचे, बैलांची तोंड भरून स्तुती करायचे आणि फोटो न काढता चालते व्हायचे. एका म्हाताऱ्यानं तर तोंडावरच सांगितलं, "आरं बाबा, गाडीतनंच आलोय, गाडीतनंच जायाचंय. मधी थांबून परत गाडीतच बसू व्हय?"

दुसऱ्या वर्षी मालोजीनं प्लायवूडचं विमान कापलं. खिडकीतून तोंड बाहेर काढायचं, मागे ढग. तंबूबाहेर ही रांग! बैलगाडीचा पडदा गुंडाळून गेला माळ्यावर. "ज्याच्यातनं घरी जायाचंय त्याचा फोटो कुनाला नको असतोय," असं मालोजी त्यावर म्हणायचा, आणि हे एकच वाक्य तो पुढे मला इतक्या वेळा ऐकवत राहिला की माझे कान किटले.

मग तो निगडीला आला. तेव्हा इथे गावोगावहून माणसं येत होती. लातूर, बीड, चिपळूण, सांगली. कंपनीत लागायची, एका खोलीत चौघं-पाचजण राहायची. दिवसभर यांच्या हाताखालून स्कूटरी पुढे सरकायच्या आणि शिफ्ट सुटली की हे सायकल मारत नाहीतर चालत खोलीवर. स्वतःला स्कूटर हवी तर नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. पण गावाकडे तर फोटो पाठवायचा असतोच. आईबापाला दाखवायला, आणि खरं सांगायचं तर मुलीवाल्यांना दाखवायला. लग्नाच्या बाजारातली जाहिरातच होती ती, आणि लग्नानंतर जोडीचा फोटो हवाच.

हे मालोजीनं बरोबर हेरलं. एका गॅरेजमागे पडलेली स्कूटर त्यानं उचलून आणली. इंजिन कुणीतरी आधीच काढून नेलेलं. त्यानं ती घासली, फिकट निळी रंगवली, मनानंच नंबर टाकला, शेवटी ठळक २१२. मागचा पडदा बोरघाटातल्या वळणाचा. आणि त्या घाटात दोन्ही बाजूंना नारळाची झाडं! मी म्हटलं, "मालोजीराव, बोरघाटात नारळ कधी बघितलेत?" तर म्हणे, "चिपळूणचं गिऱ्हाईकबी येतंय ना आपल्याकडं." आता या माणसाशी काय बोलणार?

स्कूटर दिसायला झकास होती, पण मालोजीचं समाधान नव्हतं. मधल्या स्टँडवर उभी केली की ती दुकानात मांडून ठेवल्यासारखी दिसे. त्याला ती धावताना हवी होती. म्हणून त्यानं स्टँड काढला आणि गिऱ्हाइकाला दोन्ही पाय वर घ्यायला लावले. आता इंजिन नसलेली, स्टँड नसलेली स्कूटर, वर दोन माणसं, पाय अधांतरी. ती उभी कशी राहणार?

तर ती गोजावहिनी धरायच्या. स्कूटरच्या पलीकडच्या अंगाला उकिडव्या बसून, मान खाली घालून, एका हातानं मागच्या स्टेपनीशेजारचा दांडा घट्ट. दुसऱ्या हातानं जमिनीवरचा टेबलफॅन वळवायच्या, म्हणजे मागे बसलेल्या बाईचा पदर उडायचा. नवरा माझा कोट घालून हँडल धरून समोर बघतोय, बायको लाजतेय, पदर वाऱ्यावर, मागे घाट. कोट एकाच मापाचा होता, मागून टाचण्या लावून आवळायचो. माणूस वळला असता तर पाठ साळिंदरासारखी दिसली असती. पण वळतोय कोण? सगळं जग पुढूनच बघायचं.

वहिनींची आणि मालोजीची त्यावरून रोज जुंपायची. याचं डोकं काळ्या कापडाखाली, आणि तिथूनच ओरडायचा, "गोजे, हात दिसतोय. मागं घे हात."

"मागं घेतला तर पडंल ती," वहिनी पलीकडून उत्तर द्यायच्या. "तुमच्या गिऱ्हाइकासकट."

मग गिऱ्हाईक हसायचं, आणि नेमका तेव्हाच हा बटण दाबायचा. म्हणून मालोजीच्या फोटोंतली माणसं कायम हसरी. लोक म्हणायचे मालोजीचा हातगुण. हातगुण कुणाचा ते मला विचारा.

पुढे दिवस बदलले तसे पडदे बदलले. मोटरसायकली आल्या तेव्हा पोरांना घाट नको झाला, सरळ लांब रस्ता हवा झाला. मालोजीनं तो रंगवला. मग चारचाकीची हौस आली, तेव्हा प्लायवूडचं मोटारीचं तोंड केलं, त्याला खरे दिवे बसवले. द्रुतगती मार्ग झाला तसा बोगद्याचा पडदा आला, त्यात नारळ नव्हते, एवढी सुधारणा. मग हळूहळू लोकांकडे खऱ्याच गाड्या आल्या. शोरूममध्ये गाडी ताब्यात देताना हार घालून, पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात देऊन तिथेच फोटो काढायला लागले. मालोजीकडे पासपोर्टचे फोटो राहिले, आणि कोपऱ्यात कापड टाकलेली २१२.

आणि आता गंमत बघा. रविराज लग्नाआधीच्या जोडप्यांचं शूटिंग करतो. ही जोडपी हिंजवडीत नोकरीला, मारुंजीत राहायला. दारात दोन-दोन गाड्या. त्या गाडीतून ट्रॅफिकमध्ये खेटत, वैतागत इथे येतात, आणि येऊन काय मागतात? बैलगाडी! रविराजनं माळ्यावरून बापाचा तो पहिला पडदा काढला, झटकला, लावला आणि इन्स्टाग्रामवर टाकला. फोनवर फोन. होणाऱ्या बायकोला बैलगाडीत बसवून फोटो काढायला एवढा उत्साह मी तरी बघितला नव्हता. मालोजी कोपऱ्यात बसून गालातल्या गालात हसतो. म्हणतो, "विलासराव, म्हनलं नव्हतं?" मी म्हणतो, म्हणालात बाबा, शंभर वेळा म्हणालात.

तर असं सगळं चाललेलं असताना, वर्षश्राद्धाच्या थोडं आधी, स्टुडिओत एक मुलगी आली. सायली तिचं नाव. जाहिरातीच्या कंपनीत काम करते. चाकण भागात विजेवरच्या स्कूटरी बनवणाऱ्या एका कंपनीनं लोकांकडून जुने फोटो मागवले होते, "आमची पहिली गाडी" म्हणून. ज्याचा फोटो आवडेल तो मोठ्या फलकावर लागणार. मी पेपरात वाचलं होतं आणि विसरलो होतो.

सायलीनं टेबलावर फोटोंच्या प्रिंटा पसरल्या. पिशवीतून काढतच होती, काढतच होती. सगळ्यांत तीच फिकट निळी स्कूटर. काही काळ्या-पांढऱ्या, काही रंगीत, पण पाटीवर २१२, मागे घाट आणि ते नारळ.

"काका, प्लीज गैरसमज करून घेऊ नका," ती म्हणाली, "पण आमचे सर म्हणतायत ही कुठली तरी टोळी आहे. एवढ्या फॅमिलीज, आणि सगळ्यांची पहिली गाडी एकच? एका फोटोच्या कोपऱ्यात तुमच्या स्टुडिओचा शिक्का सापडला, म्हणून आले. ही गाडी नक्की कुणाची?"

माझं डोकंच फिरलं. टोळी म्हणे! मी तिला कोपऱ्यात नेलं, कापड ओढलं आणि म्हटलं, "ही बघ तुझी टोळी. हिला इंजिन नाही. आणि ज्यांनी हिच्यावर बसून फोटो काढले ना, त्यांनीच खऱ्या स्कूटरी जोडल्या कंपनीत उभ्यानं. त्यांच्या पोरांनी लहानपणापासून भिंतीवर आईबाप स्कूटरवर बसलेले बघितले. त्यांनी काय पाठवायचं होतं? तुला खोटं वाटत असेल तर वाटू दे."

पोरगी बिचारी बावरली. "नाही हो काका, मला तर खूप क्यूट वाटतंय," म्हणाली. माझा राग तिच्यावर नव्हताच म्हणा. तिनं एक फोटो पुढे केला. "हा तर सगळ्यांना आवडलाय. विजयश्री मॅडमनी पाठवलाय, हिंजवडीत असतात. त्यांनी लिहिलंय, माझ्या शिक्षणासाठी पप्पांनी ही स्कूटर विकली."

मी फोटो बघितला. ओळखला. लातूरकडचा माणूस, माझा कोट त्याला खांद्यात घट्ट व्हायचा. मी मालोजीला दाखवायला वळलो, तर मालोजी आमचं काही ऐकतच नव्हता. तो टेबलावर वाकला होता. भिंग घेऊन एकेका प्रिंटच्या मागच्या चाकाकडे बघत होता. माणसांकडे नाही, मागच्या चाकाकडे.

"विलासराव," तो म्हणाला, "गोजी."

मी वाकलो. स्टेपनीशेजारी, दांड्यावर, चार बोटं. हिरव्या बांगड्यांची कड. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली. वहिनींची करंगळी लहानपणी उखळात सापडून तशी वाकडी झाली होती, हे मला माहीत होतं, रोज चहाचा कप त्याच बोटांत बघायचो. दुसऱ्या प्रिंटमध्ये तीच बोटं. तिसऱ्यात पदराचा काठ. एकात तर सीटच्या वर कपाळाचा तुकडा आणि भांग. चेहरा कुठेच नव्हता. पण सगळ्या फोटोंत, सगळ्यांच्या घरच्या भिंतींवर, इतकी वर्षं वहिनी होत्या, आणि आम्हा दोघांना त्याचा पत्ता नव्हता. आपण फोटो देताना गिऱ्हाइकाचं तोंड बघतो, आणि गिऱ्हाईक स्वतःचं.

मालोजी रडला. लपवून वगैरे नाही, चांगला हमसून रडला. सायलीला काही कळेना, तिला मी समजावून सांगितलं. ती प्रिंटा परत चाळायला लागली आणि म्हणाली, "विजयश्री मॅडमच्या फोटोत हात सगळ्यात क्लिअर आहे. ओरिजिनल त्यांच्याकडेच आहे. मी सांगू का त्यांना?"

विजयश्री रविवारी आली. सोबत आईबाप कुणी नाही, दोघंही आता हयात नाहीत. फ्रेमच घेऊन आली होती, साडीत गुंडाळून. तिनं आल्या आल्या कोपऱ्यातली २१२ बघितली आणि जागच्या जागी थांबली. मला धास्ती वाटली. बापानं आपल्यासाठी स्कूटर विकली, ही गोष्ट उराशी धरून वाढलेली पोर ती. आता काय बोलते कोण जाणे.

ती जवळ गेली, फाटक्या सीटवरून हात फिरवला. "म्हणजे पप्पांनी विकलीच नव्हती," म्हणाली.

"न्हाई," मालोजी म्हणाला. "हितंच हाय. त्यांचीच समजा. बसा."

ती हसली, पण डोळे भरले होते. "सायकलवर जायचे पप्पा. मी विचारायचे, आपली स्कूटर कुठंय? तर म्हणायचे, तुझ्या फीसाठी विकली, आता अभ्यास कर. आणि मी केला हो खरंच." मग नाक पुसून ती म्हणाली, "असू दे. फी तर त्यांनीच भरली ना." माझ्या मनातली धास्ती गेली. शहाणी पोरगी. तिनं फ्रेम मालोजीच्या हातात दिली आणि विचारलं, "काकूंचा हात कुठला?"

मालोजीनं दाखवला. विजयश्रीनं त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा हात मी लहानपणी रोज बघायचे. मला वाटायचं आईचाच आहे, मागे टेकवलेला."

रविराज म्हणाला, "अण्णा, मी स्कॅन करतो, दोन मिनिटांत होईल." मालोजीनं ऐकलं नाही. त्यानं जुना कॅमेरा काढला. दोन्ही दिवे लावले, फ्रेमची काच काढली, फोटो बोर्डावर ताणून बसवला, दिवे पुढे-मागे केले, परत पुढे केले. एका गिऱ्हाइकाला एवढा वेळ दिलेला मी त्याला कधी बघितला नव्हता. इतक्यात दारात एक माणूस आला, पासपोर्टचे फोटो अर्जंट हवेत म्हणून. मालोजीनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"मग या," तो म्हणाला. "आत्ता आमच्या मंडळींचा फोटो चाललाय."

आणि कापडाखाली डोकं घातलं. मला काही बघवेना. मी माझ्या गाळ्यात जाऊन मशीनवर बसलो आणि उगाच एक शिवण उसवली.

वर्षश्राद्धाला खिळ्यावर फोटो लागला. मोठी फ्रेम, आणि त्यात फक्त एक हात, दांडा धरलेला. हिरव्या बांगड्या, वाकडी करंगळी. हार घातलेला. पाहुण्यांत कुजबूज झाली. एक मावशी म्हणाल्या, "हात काय लावलाय भिंतीवर? तोंड नको का माणसाचं?" रविराज म्हणाला, "आईच आहे ती, मावशी. नीट बघा." मालोजीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या दोघांचं त्या दिवसापासून जरा बरं चाललंय.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण काही दिवसांनी सायलीचा फोन आला, फलक लागला म्हणून. विजयश्रीचाच फोटो निवडला होता. नाशिक रस्त्याला, मोशीच्या पुढे. मालोजी सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात हजर. "चला विलासराव. गोजी एवढी मोठी लागलीया, बघून येऊ." निगडीवरून बस धरली. सगळ्या वाटेत हा माणूस खिडकीतून मान बाहेर काढून बघत होता. कंडक्टर दोनदा ओरडला.

मोशीच्या पुढे उतरलो. फलक केवढा तरी मोठा. खालून कंटेनर, नव्या कोऱ्या मोटारी लादलेले ट्रेलर, कंपन्यांच्या बसेस आणि मधूनमधून त्या आवाज न करणाऱ्या विजेच्या स्कूटरी चाललेल्या. वर विजयश्रीचे आईवडील, इमारतीएवढे, हसणारे. माझा कोट तर असा दिसत होता की मला स्वतःचाच अभिमान वाटला. पदर उडतोय, मागे घाट, नारळ. फोटो स्वच्छ धुतल्यासारखा. एक डाग नाही, एक ओरखडा नाही.

आणि स्टेपनीशेजारी नुसता दांडा. हात पुसलेला.

कुणी मुद्दाम केलं नसणार. कॉम्प्युटरवर साफसफाई करताना कुणाला तरी वाटलं असेल, हे मधेच काय आलंय. मी सायलीला फोन लावायला खिशात हात घातला. चांगलं सुनावणार होतो, शब्द तोंडात जुळवून तयार होते. मालोजीनं माझा हात धरला.

तो मान वर करून बघत होता. रागावलेला नव्हता. मागच्या चाकाकडून पुढच्या चाकाकडे, वरच्या दोघांच्या अधांतरी पायांकडे, अगदी काळजीनं बघत होता, कापडाखालून बघायचा तसं.

"स्टँड काढलाय, विलासराव," तो म्हणाला. "आन् धरलं न्हाई कुनी. पडंल ती."

मी रिकामाच हात खिशातून काढला. बस आली, आम्ही चढलो. तो मागच्या काचेतून वळून वळून बघत राहिला.